नवीन गाडी आणि मॉलचं बेसमेंट पार्किंग

अरे, नवीन गाडी मॉलच्या बेसमेंटमध्ये लावायची भीती वाटते म्हणतोस ना, घाबरू नकोस, सगळ्यांचीच सुरुवात अशी होते. गेटजवळची जागा शोधत चकरा मारू नकोस, तिथेच जास्त गर्दी अन् जास्त ठोकाठोकी, सरळ लांबच्या कोपऱ्यात जा, दोन मिनिटं चालावं लागेल एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी रिव्हर्समध्येच लाव. आत जाताना रस्ता रिकामा दिसत असतो, पण निघताना मागे ट्रॉली, लहान पोरं, कोण येईल सांगता येत नाही, तेव्हा तोंड बाहेर असलेलं बरं. स्लॉट साधारण अडीच मीटर रुंद असतो आणि स्विफ्ट 1.735 मीटर, म्हणजे मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना फूट-सव्वा फूटच उरतो, त्यामुळे तिरकी लागली तर लाजू नकोस, बाहेर काढून परत लाव. मागचे हॉर्न वाजवू देत.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- फक्त कॅमेऱ्यावर भरवसा. बाजूचा खांब त्यात दिसत नाही, आरसे बघ, मान वळव.
- खांबाच्या शेजारी असताना स्टिअरिंग लवकर वळवणं, दार तिथेच घासतं.
- उतारावर नुसता हँडब्रेक. गिअरपण टाक.

पॅरलल पार्किंग, म्हणजे रस्त्याच्या कडेला पुढच्या-मागच्या गाड्यांच्या मधे गाडी लावणं, ते नंतर बघू. आधी रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात दोन विटा ठेवून प्रॅक्टिस कर.