इच्छा, गरज आणि अनासक्ती : वाचकांचे चार प्रश्न

प्रश्न : सर्व इच्छा सुटल्याशिवाय मुक्ती नाही, असे प्रवचनांतून ऐकतो. परंतु मुक्ती हवी, हीदेखील इच्छाच आहे. मग साधनेचा आरंभच चुकीचा ठरत नाही का?

उत्तर : हा आक्षेप फार जुना आहे. कोसंबीच्या घोसितारामात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने तो बुद्धाचे शिष्य आनंद स्थविर यांच्यापुढे मांडला होता आणि पाली संयुत्तनिकायात तो संवाद जतन झाला आहे. छंद, म्हणजे इच्छा, नाहीशी व्हावी यासाठी बुद्धाच्या शासनात, म्हणजे शिकवणीत, ब्रह्मचर्य आचरतात, असे आनंदांनी सांगितले. पण त्याचा मार्ग विचारला तेव्हा त्यांनी जे चार ऋद्धिपाद, म्हणजे सिद्धीचे आधार, सांगितले, त्यांतला पहिला छंदाचाच निघाला. इच्छेनेच इच्छा घालवायची, तर याला अंतच नाही, असे उण्णाभ म्हणाला. त्यावर आनंदांनी विचारले, की या विहारात जावे अशी इच्छा तुला आधी झाली होती, ती येथे पोहोचल्यावर शमली की नाही? उण्णाभाला ते मान्य करावे लागले.

ज्या इच्छेला पोहोचण्याचे ठिकाण असते, ती तेथे पोहोचून थांबते. तृष्णेला असे ठिकाण नसते, कारण मिळालेल्या वस्तूतूनच ती पुढची वस्तू शोधते. म्हणूनच अद्वैत वेदान्ताने मुमुक्षुत्वाची, म्हणजे मुक्तीच्या इच्छेची, गणना साधनचतुष्टयात, म्हणजे साधकाला लागणाऱ्या चार साधनांत, केली आहे. अर्थात सर्व परंपरा येथे एकच बोलतात असे मानू नये. पतंजली वैराग्य सांगताना पाहिलेल्या विषयांबरोबरच शास्त्रातून ऐकलेल्या स्वर्गादी विषयांची तृष्णाही वर्ज्य ठरवतात, आणि तुकोबा ‘न लगे मुक्ति धन संपदा’ म्हणून मुक्तीला थेट धनाच्या पंक्तीला बसवतात. तरी त्याच अभंगात ते संतसंग मात्र हक्काने मागून घेतात. तेव्हा मुक्तीच्या इच्छेची धास्ती बाळगू नये. आपली प्रगती किती झाली, शेजारच्या साधकाला कोणता अनुभव आला, याचा हिशेब मनात सुरू झाला, की मात्र त्या इच्छेत तृष्णा शिरली असे समजावे.

प्रश्न : आम्ही पाच माणसे दोन खोल्यांत राहतो, आई वृद्ध आहे, मुले मोठी होत आहेत. मोठे घर घेण्याची ऐपत आता आली आहे, पण अपरिग्रहाविषयी, म्हणजे संग्रह न करण्याविषयी, वाचल्यापासून अपराधी वाटते. गरज आणि हाव वेगळी कशी ओळखावी?

उत्तर : अपरिग्रहाचा विचार जैन परंपरेइतका बारकाईने क्वचितच कोणी केला असेल, म्हणून तिच्याकडेच वळू. तत्त्वार्थसूत्रातली परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा परिग्रहः’ एवढीच आहे. वस्तूविषयीचे बेभान ममत्व हा परिग्रह; वस्तू किती आहेत हा प्रश्न त्यानंतरचा. तरीही मनाला दिलेली सूट लवकरच पळवाट होते, हे जैन आचार्यांना पक्के ठाऊक असावे, कारण गृहस्थाचे पाचवे अणुव्रत, म्हणजे मर्यादित स्वरूपाचे व्रत, घालताना त्यांनी मोजमाप सोडले नाही. जमीन व घरे, सोने-चांदी, धनधान्य आणि इतर सामान यांची मर्यादा गृहस्थाने स्वतःच ठरवायची असते. या व्रताला इच्छापरिमाण असेही म्हणतात.

उपासकदशा या जैन आगमात, म्हणजे धर्मग्रंथात, आनंद नावाच्या गृहपतीची कथा आहे. (वरच्या उत्तरातल्या आनंदांशी त्याचा संबंध नाही.) हा महावीरांचा उपासक अतिशय श्रीमंत होता : चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजाने लावलेले, चार कोटी घरसंसारात आणि दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. त्याने व्रत घेतले ते हे सारे वाटून टाकण्याचे नव्हे, तर यापुढे याहून अधिक न बाळगण्याचे. आजच्या वाचकाला ही तडजोड वाटेल, मलाही पूर्वी ती तशीच वाटत असे. परंतु वाढत्या व्यापाराच्या ऐन भरात ‘पुरे’ म्हणणे किती अवघड असते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला विचारून पाहावे.

आपल्या बाबतीत पाच माणसांना पुरेसे घर ही उघड गरज आहे आणि तिच्याविषयी अपराधी वाटण्याचे कारण नाही. मात्र घरे पाहायला जाण्यापूर्वी खोल्या किती आणि कर्जाचा हप्ता किती, हे घरातल्या सर्वांनी बसून कागदावर लिहावे, कारण नमुना फ्लॅट पाहून आल्यावर ठरवलेली गरज ही बहुधा गरज नसते.

प्रश्न : एकादशीला दिवसभर मन खाण्याभोवतीच फिरते. बाहेरून संयम आणि आत चिंतन करणाऱ्याला गीता मिथ्याचारी म्हणते. मग उपवास सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नये. त्याच गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, की निराहारी माणसाचे विषय दूर होतात, पण गोडी उरते, आणि ती परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. योगसूत्रांचे टीकाकार वाचस्पती मिश्र वैराग्याच्या यतमान, व्यतिरेक, एकेंद्रिय आणि वशीकार अशा चार पायऱ्या सांगतात. इंद्रिये वळली आहेत पण उत्सुकता मनात उरली आहे, ही त्यांतली तिसरी. आठवण येणे आणि ती मुद्दाम घोळवत बसणे यांत फरक आहे, आणि मिथ्याचाराचा दोष घोळवत बसण्याला लागतो. साबुदाण्याच्या खिचडीचे बेत आदल्या रात्रीपासून आखणे कशात मोडते, ते आपण ठरवावे.

प्रश्न : माझे यजमान निवृत्तीनंतर साधनेला लागले. आता घरातले आजारपण, मुलीचे लग्न, बँकेची कामे, कशातही लक्ष घालत नाहीत. ‘मी अलिप्त झालो आहे’ म्हणतात. सगळे माझ्यावर पडले आहे. मी तक्रार केली तर माझीच आसक्ती ठरते. हे वैराग्य आहे का?

उत्तर : आपण लिहिलेल्यावरून तरी नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत : नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग, कष्ट होतील या भीतीने टाकणे हा राजस, आणि कर्तव्य म्हणून कर्म करताना संग व फळ सोडणे हा सात्त्विक. तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, घर यांविषयी अनासक्ती सांगितली आहे हे खरे. पण त्यांच्या कामांतून अंग काढून घेण्याची मुभा तेथे कोठेही दिलेली नाही. समर्थांनी तर गृहस्थाला स्वच्छ बजावले आहे : ‘आधीं प्रपंच करावा नेटका’, आणि पुढच्याच ओवीत, प्रपंच सोडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल.

तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपल्याकडे सर्वांना माहीत असते. तिचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. परंपरा सांगते, की खते बुडवण्याआधी त्यांची वाटणी झाली आणि धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची त्याला देऊन तुकोबांनी केवळ आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. आपल्या हक्काचे सोडण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचा आपल्याकडून जो हक्क आहे, तो सोडण्याची नाही. आपल्या यजमानांनी स्वतःचे जेवण, करमणूक, मानपान हवे तेवढे कमी करावे, परंतु आजाऱ्याला लागणारे औषध ही त्या आजाऱ्याची गरज आहे आणि तिच्यापासून अलिप्त होण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

घरकामाचे ओझे एकटीला पेलत नाही असे म्हणणे ही आसक्ती नव्हे, आणि त्यावर वाद घालण्यात आपण शक्ती घालवू नये. साधनेची त्यांची वेळ कोणती, हे त्यांनाच विचारावे आणि ती वेळ घराने निर्वेध राखावी. उरलेल्या वेळातली दोन-तीन कामे, जसे की बँक आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या, नावानिशी त्यांच्याकडे सोपवावीत. ते एखाद्या गुरूंना मानत असतील, तर हा प्रश्न दोघांनी मिळून त्यांच्यासमोर ठेवावा. पण कामांची वाटणी त्या भेटीपर्यंत लांबणीवर टाकू नये.