उतारा कोणाविषयी आणि कोणासाठी?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. सरावाच्या उताऱ्यात दप्तराच्या ओझ्याबद्दल माहिती होती : दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नसावं, रोज रात्री ते तपासावं, गरज पडल्यास वर्गशिक्षकांशी बोलावं. 'हा उतारा कोणासाठी लिहिला आहे?' याला त्याने 'विद्यार्थी' लिहिलं. बाईंनी चूक दिलं. पण दप्तर तर विद्यार्थीच उचलतात ना! त्याला कसं समजावू?
– एक आई, भांडुप

उत्तर : ताई, उचलतात विद्यार्थीच, पण उतारा बोलतोय तुमच्याशी. 'मुलाच्या वजनाच्या' असं म्हणणारा माणूस मुलासमोर बसलेला नसतो. शिवाय कामं कोणाला लावलीत बघा : रात्री तपासायचं, वर्गशिक्षकांना गाठायचं. मुलांसाठी लिहायचं असतं तर 'उद्याचं वेळापत्रक बघूनच दप्तर भर' असं आलं असतं, आणि टक्केवारी बहुधा गळली असती.

माझा वर्गातला हुकमी उतारा म्हणजे मेगाब्लॉकची सूचना. भांडुपकरांना ती तोंडपाठच असेल. 'रविवारी माटुंगा-मुलुंड डाऊन धीम्या मार्गावर ब्लॉक, गाड्या जलद मार्गावर वळवणार.' डाऊन म्हणजे कुठल्या दिशेला, धीमी कुठेकुठे थांबते, यातलं काहीही ती सांगत नाही. वाचणारा रोजचा प्रवासी आहे, हे लिहिणाऱ्याने धरूनच चाललंय. जे समजावून सांगितलेलं नसतं, तिथेच वाचकाचा पत्ता लागतो. आता हीच सूचना मुलाला साताऱ्याहून पहिल्यांदाच येणाऱ्या मामासाठी लिहायला लावा. 'सीएसएमटीहून कल्याणकडे जाणारी, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी' इथून सुरुवात करावी लागेल. वळवलेली गाडी नाहूरला थांबणार नाही, हेही मामाला वेगळं सांगावं लागेल. एका रविवारचा अभ्यास झाला!

पर्यायांत 'सर्वांसाठी' दिसलं की मुलं त्यावर झडप घालतात. मला तो पर्याय कायम संशयास्पद वाटत आलाय. वाचक दोन प्रकारचे असू शकतात, ती गोष्ट वेगळी. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली मुंबईत 'दर्पण' काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापलेला असे. वाचक दोन, पण दोन्ही नेमके ठरवलेले.

आणि परीक्षेत नुसतं 'पालक' लिहून पुढे पळू नको म्हणावं. 'कारण वर्गशिक्षकांशी बोलायला सांगितलं आहे' एवढं जोडलं तरी पुरे.