वाढदिवस आहे, प्रोजेक्ट नाहीये गं

अगं,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला वाचला आणि नवऱ्याच्या वाढदिवसाच्या ऑक्टोबरातल्या ट्रिपची तू रिव्ह्यूला पाठवलेली ती शीट उघडली, आणि पहिल्यांदा हसू आलं, मग जरा वाईट वाटलं, कारण अशी शीट करायला तुला मीच शिकवलंय. भंडारदरा, २ दिवस, १ रात्र, १७ ओळी. सकाळी ६ ला निघणे. साडेदहाला रंधा फॉल, ४५ मिनिटं. १२ ला चेक-इन, बलून डेकोरेशन. ४ ला केक. ५.१० ला सनसेट फोटो. आणि शेवटच्या कॉलममध्ये ओनर, म्हणजे ते काम कुणी करायचं, तिथे सगळीकडे तुझंच नाव. नवऱ्याचा तिसावा वाढदिवस आहे की क्वार्टर-एंडचं रिलीज? मॅम म्हणून विचारतेयस तर मॅम म्हणूनच रिव्ह्यू देते, शीट रिजेक्ट. जागा मात्र बरोबर निवडलीयस, ती ठेव.

आता मी हे कुठल्या तोंडाने सांगतेय ते ऐक. २०१९ ला आमच्या ह्याचा पन्नासावा होता, ११ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा मंगळवारी होऊन गेलेला, गाडीच्या बंपरला झेंडूची माळ तशीच, सुकून काळपट झालेली, ती काढायलाही वेळ झाला नव्हता ह्यावरून समज आम्ही दोघं कुठल्या अवस्थेत होतो. त्या वर्षी पाऊस जायलाच तयार नव्हता, परतीचा प्रवासच मुळी ९ ऑक्टोबरला सुरू झाला, एरवी तोपर्यंत मुंबईतून निघून गेलेला असतो. तर मी सगळं ठरवलेलं. ठाण्याहून केक घेतला, दीड किलोचा, डबा माझ्या मांडीवर, आणि कसारा घाटात ट्रक बंद पडलेला. सव्वा तास. एसी चालू ठेवला तर इंजिन तापतंय, बंद केला तर केक वितळतोय, आणि हा म्हणतो खिडकी उघड, आणि मी म्हणते डिझेलचा धूर केकला लागेल, आणि तिथून जे सुरू झालं ते घोटीपर्यंत. डबा उघडला तेव्हा 'हॅपी'मधला 'पी' घसरून डब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलेला.

पुढे अजून आहे. हॉटेलचं नाव घेत नाही, आता असेल नसेल. लेक व्ह्यू म्हणून जी रूम दिली तिच्यातून पाण्याची टाकी दिसायची, आणि टाकीच्या वर जरा टाचा उंचावून बघितलं तर तलाव. संध्याकाळी मी पॅकेजमध्ये सांगून ठेवलेलं म्हणून तिथली चार पोरं स्पीकर घेऊन आली, टाळ्या, गाणं, फुगे, शेजारच्या टेबलावरची अनोळखी माणसंपण टाळ्या वाजवायला लागली, आणि आमचा हा, जो सोसायटीच्या मीटिंगलापण मागच्या खुर्चीवर बसतो, तो टोपी घालून उभा. फोटो आहेत माझ्याकडे, एकातही तो हसत नाहीये. रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाला, मला फक्त झोपायचं होतं गं.

मी काय केलं असेन? भांडले. मग रडले. मग झोपले.

दुसऱ्या दिवशी तो साडेदहापर्यंत उठला नाही. माझ्या लिस्टप्रमाणे तोपर्यंत दोन पॉइंट व्हायला पाहिजे होते. मी बाहेर पायरीवर बसले, रागातच, मोबाईलला रेंज नाही. समोर तेरड्याचा गुलाबी पट्टा, त्याच्यामागे पिवळंधमक शेत, मला वाटलं सोनकी, तर चहा घेऊन आलेला पोरगा म्हणाला सोनकी वर डोंगरावर, ही खुरासणी, तेलाची. म्हणजे आपले कारळे गं, चटणीचे. पन्नास वर्षं कारळ्याची चटणी खाल्ली आणि त्याला असं फूल येतं ते माहीत नव्हतं. दोन तास बसले मी तिथे आणि दुसऱ्या चहानंतर केव्हातरी लक्षात आलं की राग गेलाय आणि मला पण झोप येतेय.

तर पहिला मुद्दा, आणि खरं म्हणजे हाच एक मुद्दा आहे, बाकी सगळं त्याच्याच मागून येतं: पहिला दिवस वाया जातो. सगळ्यांचा जातो. अंगात ऑफिस असतं, प्रवास असतो, घरचे फोन असतात, निघताना गॅस बंद केला का असतं. त्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण होणार हे धरूनच चाल, आणि त्याच दिवशी वाढदिवस ठेवू नको. तू नेमका तोच ठेवलायस. एक रात्रीची ट्रिप म्हणजे वाया गेलेला दिवस आणि परतीचा दिवस, मधलं काहीच नाही. तीन रात्री कर. रजा मिळत नाही म्हणू नको, तुझ्या अकरा रजा मागच्या वर्षी लॅप्स झाल्यात, मला माहितीय. वाढदिवस दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येऊ दे. आणि नाही आला तारखेला तर नाही आला, आपल्याकडे तारखेने आणि तिथीने असे दोन वाढदिवस असतातच, तू तिसरा काढ.

आणि वार बघ. रविवारी जा, बुधवारी ये. शनिवार-रविवार मुंबई, पुणे, नाशिक तिन्हीकडून गाड्या येतात आणि रविवारी दुपारी चारनंतर सगळं तळं रिकामं होतं, हे आम्हाला चुकून कळलं. गांधी जयंतीला जोडून सुट्टी आली असेल तर ते दिवस टाळ, दसरा ते दिवाळीतले वीकेंडपण टाळ. पितृपक्षात गर्दी कमी असते, रेटपण खाली येतात, फक्त सासूबाईंना पटेल का ते तू बघ, माझ्या सासूबाईंना पटलं नसतं आणि मी विचारलंही नसतं. नवरात्रात कळसूबाईला यात्रा असते, तेव्हा बारी गावाकडच्या रस्त्याला गर्दी धर.

कळसूबाई तुझ्या शीटमध्ये आहे, प्रश्नचिन्ह टाकून. काढ. १६४६ मीटर आहे ते, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, लोखंडी शिड्या आहेत, मजा आहे, पण ती एका वेगळ्या ट्रिपची मजा आहे. सांदण दरीपण काढ, ऑक्टोबरात तिथे पाणी असू शकतं, ती थंडीतली जागा. आणि काजवे लिहिलेत तू, ते मे-जूनमध्ये असतात बाई, पावसाच्या तोंडावर, आता एकही दिसायचा नाही, रील कधी टाकलीय ते बघत जा.

मग करायचं काय? एका दिवसात एक गोष्ट. एकच. सकाळी जा आणि ११ च्या आत परत ये, कारण ऑक्टोबर हीट म्हणजे हीटच, डोंगरात असलं तरी दुपारचं ऊन डोकं फोडतं, आणि संध्याकाळ झाली की गारवा येतो, शाल ने. दुपारी तीन-चारला ढग भरून आले, गडगडायला लागलं तर पाण्याच्या काठावर आणि झाडाखाली थांबायचं नाही, परतीच्या पावसाच्या विजा वाईट.

एक सकाळ रतनवाडीला दे. तळ्याला वळसा घालत रस्ता जातो, पावसाळ्यानंतर खड्डे असतात त्यामुळे किलोमीटर कमी दिसले तरी वेळ लागतो, लागू दे. भातं पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, किंवा पिवळी व्हायला लागलेली असतात त्या दिवसात, आणि काच खाली केलीस की तो वास येतो, पिकत्या भाताचा, ओला आणि जरासा गोडसर, तो मी शब्दात सांगायला गेले तर मला जमणार नाही. तिथे अमृतेश्वराचं देऊळ आहे, हेमाडपंती, अख्खं दगडी शिखर नक्षीसकट उभं. झंज राजाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली त्यातलं हे प्रवरेचं, असं तिकडे सांगतात. गर्दी असेल तर आधी पुष्करणीपाशी बस, कोरीव कोनाडे आहेत पाण्याच्या कडेने, त्यात मूर्ती. आम्ही गेलो तेव्हा एक बेडूक एका कोनाड्यात अगदी देवासारखा बसलेला आणि हा पहिल्यांदा हसला त्या ट्रिपमध्ये, शनिवार दुपार, बेडकाला बघून. पन्नासाव्याचा सगळ्यात चांगला फोटो तो आहे, बेडूक आणि मागे ह्याचा अर्धा कान.

दुसरी सकाळ किंवा संध्याकाळ घाटघरची. कोकणकडा आहे तिथे, जमीन एकदम संपते आणि खाली कोकण. ढग असले तर काहीच दिसत नाही, पांढरं नुसतं, तरी थांबायचं, पाच मिनिटात फाटतं. सनसेट ५.१० ला नसतो बरं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सव्वासहाच्या आसपास असतो, पण तू अलार्म लावू नको. आणि धरण तर तुझ्या दारातच असेल, विल्सन डॅम, १९२६ ला पुरं झालेलं, म्हणजे आता शंभरीचं. खाली बागेतून वर बघायचं आणि भेळ खायची. रंधा पाणी असेल तर बघ, नसेल तर नुसता खडक बघायला जाऊ नको.

जेवणाचं आधी सांगून ठेवायचं, शेंडी गावात किंवा रतनवाडीला कुणाच्याही घरी, दोन तास आधी. तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, खात असाल तर गावठी कोंबडी. मेनूकार्ड मागू नको. कॅश जवळ ठेव, रेंज नसली की फोनवरचे पैसे तिथल्या तिथे अडकतात, मग त्या बाईसमोर उभं राहून हात वर करून रेंज शोधायची, मी केलंय, फार लाजिरवाणं असतं. समृद्धीने गेलीस तर कसारा घाट चुकतो, इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, बाहेर पडून घोटीवरून आत वळायचं, पेट्रोल घोटीलाच भर.

सरप्राईजबद्दल विचारलंयस, देऊ का. नको देऊस. मला माहितीय सगळे देतात. पण ज्याला सरप्राईज द्यायचं त्याच्याशी महिनाभर खोटं बोलावं लागतं आणि मग तो आपल्याला हवा तेवढा खूश दिसला नाही की आपणच रुसतो. सरळ विचार त्याला, तुला काय नकोय? काय हवंय विचारलंस तर म्हणेल काहीही चालेल, सगळे नवरे तेच म्हणतात, नकोय विचारलंस तर खरं बोलेल. माझ्या ह्याला विचारलं असतं तर म्हणाला असता टोपी नको. झालं असतं काम.

आणि तू काय करणार तिथे? शीटमध्ये सगळ्या ओळींना ओनर तू, म्हणजे त्याची सुट्टी आणि तुझी ड्युटी. असं करून आलीस ना की गुरुवारी ऑफिसात दमलेली येशील आणि वर त्याने थँक्यू नीट म्हटलं नाही म्हणून धुसफुसशील. अर्धं त्याच्यावर टाक. गाडी, पेट्रोल, नाश्ता कुठे, हे त्याचं. चुकला तर चुकू दे, उपाशी राहिलात तर बिस्किटं असतात.

आमची गोष्ट पुरी करते. रविवारी कोजागरी होती. संध्याकाळपर्यंत सगळी गर्दी गेली, आमच्या हॉटेलात आम्ही आणि एक वयस्कर जोडपं. सासूबाईंनी निघताना दुधाच्या मसाल्याची पुडी दिलेली, मी बॅगेच्या तळाशी टाकलेली आणि विसरलेली. हा गेला शेंडीत, त्या चहावाल्या पोराच्या टपरीवर, अर्धा लिटर दूध तिथेच आटवून घेतलं, ह्याने स्वतः ढवळलं, खाली थोडं लागलंसुद्धा. स्टीलचे दोन पेले. केक अर्धा उरलेला तो टपरीवरच्या पोरांना दिला, 'पी'सकट. चंद्र ढगातून येत जात होता, पेल्यात धरायला गेलं की ढग. नऊच्या सुमाराला एकदाचा आला पेल्यात. तेव्हा ह्याला म्हटलं, हॅपी बर्थडे. दोन दिवस उशिरा. तो म्हणाला, दूध करपलंय का गं?

करपलं होतं.

तुझ्या तारखांना कोजागरी जवळ येते का ते कॅलेंडरवर बघ, आली तर ती रात्र पकड. नाही आली तरी दूध कधीही आटवता येतं. शीट मला परत पाठवू नको, रिव्ह्यू करणार नाही. पोचलात, निघालात, जेवलात असले मेसेजपण नकोत, मी उत्तर देणार नाही. बेडूक दिसला तर फोटो पाठव.

तुझी
(आता मॅम नको, ताई म्हण)

ता.क. टॉर्च ने, तिकडे लाईट जाते. आणि गाडीत दसऱ्याची माळ राहिली असेल तर निघायच्या आधी काढून टाक, उन्हात फार वास येतो.