टोचणी आणि दास्य

प्रिय पोरी,

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र मिळाले. बाबा जाऊन वर्ष होत आले, भाताचा रोवणा पुन्हा तोंडावर आला, तरी वसतिगृहाच्या पैशांवरून फोनवर त्यांना उलट बोललेले ते एक वाक्य तुला झोपू देत नाही. आणि रोज त्रिशरण-पंचशील म्हणूनही मन निवत नाही, तेव्हा आपल्या श्रद्धेतच खोट असेल का, असे तू विचारतेस. श्रद्धेत खोट नाही. ज्याने मन गांजले आहे, ते तू बाबांवरच्या प्रेमाची खूण समजून जपते आहेस, एवढेच मला दिसते.

बुद्धांनी सांगितलेल्या पाच नीवरणांमध्ये, म्हणजे मनाच्या पाच अडथळ्यांमध्ये, उद्धच्च-कुक्कुच्च आहे, म्हणजे मनाची घालमेल आणि केल्या-न केल्याची टोचणी. दीघनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील सामञ्ञफल सुत्तात कामच्छंदाला, म्हणजे विषयवासनेला, कर्जाची, व्यापादाला, म्हणजे द्वेषाला, आजाराची उपमा दिली आहे, आणि या टोचणीला दास्याची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांसोबत नागपुरात दीक्षा घेतलेल्या आजोबांची तू नात. दास्य म्हणजे काय, हे तुला मी वेगळे सांगायला नको.

हे सुत्त ज्याला सांगितले गेले, तो राजा अजातशत्रू. राज्यासाठी त्याने स्वतःच्या वडिलांचा, बिंबिसाराचा, जीव घेतला होता. राजगृहात पौर्णिमेच्या रात्री, कोणाकडे गेलो तर चित्त प्रसन्न होईल, असे विचारत तो वैद्य जीवकाच्या आम्रवनात बुद्धांकडे आला आणि शेवटी आपला अपराध त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला. बुद्ध त्याला ‘विसरून जा’ म्हणाले नाहीत, ‘तसे काही मोठे नाही’ असेही म्हणाले नाहीत. अपराध घडला हे खरे, पण जो अपराधाला अपराध म्हणून पाहतो, धम्मानुसार त्याचे निवारण करतो आणि पुढे संयम राखतो, त्याची आर्यांच्या विनयात, म्हणजे सज्जनांच्या शिस्तीत, वृद्धीच होते, असे ते म्हणाले. त्या कर्मामुळे राजाला त्या रात्री धम्मचक्षू, म्हणजे धम्म पाहणारी दृष्टी, लाभला नाही, हेही सुत्त लपवत नाही. आता थकल्या दिवशी तुझ्या तोंडून गेलेले वाक्य त्याच्या कृत्याशेजारी ठेवून पाहा. पाहणे, कबूल करणे, संयम राखणे: बुद्धांनी इतकेच मागितले. जन्मभर स्वतःला शिक्षा करत राहा, असे त्यांनी पितृघात करणाऱ्यालाही सांगितले नाही, मग तुला ते कोणी सांगितले?

संध्याकाळी श्वासावर लक्ष ठेवून बसशील, तेव्हा ते वाक्य येणारच. त्याला हाकलू नकोस आणि त्याच्याशी वादही घालू नकोस. आधी जबडा आवळतो, मग छातीवर दाब येतो, मग ‘मी असे बोललेच कशी’ हा विचार उठतो. हा क्रम जसा आहे तसा पाहा आणि मनात एवढेच नोंदव की आता टोचणी आली आहे. सल्ल सुत्तात बुद्ध दोन बाणांविषयी बोलतात. बाबा गेल्याचे दुःख हा पहिला बाण, तो लागणारच, त्यासाठी रडू आले तर रड. त्यावर स्वतःला दोष देत राहणे हा दुसरा, आणि तो थांबवणे तुझ्या हातात आहे.

मेत्ता भावना, म्हणजे मैत्रीचे ध्यान, बाबांना समोर आणून करते आहेस, असे तू लिहिलेस. विशुद्धिमग्ग या ध्यानावरच्या ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी मृत व्यक्तीला मेत्तेचा विषय करू नये असे सांगितले आहे. सुरुवात स्वतःपासून करायची. म्हणून आधी स्वतःसाठी, मग आईसाठी कर. बाबांसाठी पुण्यानुमोदन आहे. त्यांच्या नावाने दान दे, एखाद्या पोराला वह्या घेऊन दे, आणि ते पुण्य त्यांना अर्पण कर.

एक गोष्ट मात्र तुला करावीच लागेल. ते वाक्य तू अजून आईला सांगितलेले नाहीस. रोवण्याला गावी येशील तेव्हा सांग, फोनवर नको. भाताच्या बांधीतून परतल्यावर दोघीच असाल तेव्हा सांग. तिला बाबांचा स्वभाव तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तोवर झोप अशीच उडत राहिली किंवा जगणे नकोसे वाटले, तर त्याच रात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन कर, मराठीत बोल, आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नकोस. कोणी सोबत हवे असेल तर मी नागपूरला येतो.

तुझे,
काका