लायब्ररी सुधारली, बोर्ड तसाच राहिला

प्रश्न : आम्ही चौघे किकॅड या सॉफ्टवेअरवर पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) डिझाइन करतो. 'डब्ल्यू२५क्यू३२' या आठ पायांच्या फ्लॅश मेमरी चिपचा फूटप्रिंट, म्हणजे तिचे पाय सोल्डर करायच्या पॅडचा आराखडा, अरुंद निघाला, म्हणून लायब्ररीत (फूटप्रिंटच्या संग्रहात) दुरुस्त केला. तरी पुढच्या लॉटमध्ये जुनेच पॅड आले. शिवाय प्रत्येकाची लायब्ररी वेगळी आहे. काय करावे?

उत्तर : फूटप्रिंट बोर्डावर ठेवला की किकॅड त्याची पूर्ण प्रत बोर्डाच्या फाइलमध्ये उतरवून घेते. नंतर लायब्ररीत काहीही बदला, ती प्रत तशीच राहते. 'एफ८' दाबून स्कीमॅटिकवरून (सर्किटच्या आकृतीवरून) बोर्ड अपडेट केला तरी फूटप्रिंटचे नाव तेच असेल तर आतले पॅड बदलत नाहीत. त्यासाठी पीसीबी एडिटरच्या टूल्स मेनूतले 'अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी' चालवा. आधी बोर्डाची प्रत बाजूला ठेवा, आणि सिल्कवरची (बोर्डावर छापली जाणारी) अक्षरे मूळ जागी नेणाऱ्या पर्यायांवरची खूण काढा, नाहीतर हाताने नीट लावलेली सगळी नावे हलतील. पॅड सरकल्यावर ट्रॅक (जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा) तपासून डीआरसी, म्हणजे डिझाइनच्या नियमांची तपासणी, करा. लायब्ररीतल्या प्रतीशी न जुळणारा फूटप्रिंट डीआरसी दाखवते, पण केवळ इशारा म्हणून. तो इशारा 'एरर' करून ठेवा, म्हणजे गर्बर (कारखान्याला द्यायच्या फाइल) काढण्याआधी नजरेतून सुटणार नाही.

खरा घोळ मात्र नावात आहे. नुसते 'एसओआयसी-८' हे पॅकेजचे (चिपच्या बाह्य आकाराचे) नाव पुरत नाही. हीच चिप दोन रुंदीत मिळते : पार्ट नंबरात 'एसएन' असेल तर बॉडी ३.९ मिमी, 'एसएस' असेल तर सुमारे ५.३ मिमी. दोन्हींत शेजारच्या पायांमधले अंतर १.२७ मिमीच, म्हणून स्क्रीनवर चूक दिसत नाही. पण एका बाजूच्या पायाच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत अरुंद चिप ६ मिमी भरते आणि रुंद चिप ७.९. अरुंद पॅडवर रुंद चिपचे पाय बाहेर लोंबतात. तेव्हा बॉडीचे माप आणि पायांमधले अंतर फूटप्रिंटच्या नावातच लिहा. रेझिस्टरच्या आकाराच्या आकड्यांचेही तेच. इंचातला ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिमी, तर मेट्रिक ०६०३ म्हणजे ०.६ × ०.३ मिमी, इंचातला ०२०१. दोन्ही आकडे नावात हवेत.

चौघांसाठी एकच गिट रिपॉझिटरी (बदलांची नोंद ठेवणारा सामाईक साठा) ठेवा. बदल कोणीही सुचवावा, पण आत घेण्याआधी दुसऱ्याने डेटाशीटशी (उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी) ताडून पाहावा, १:१ मापात कागदावर छापून खरा पार्ट त्यावर ठेवून बघावा. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लायब्ररीचा पत्ता प्रोजेक्टच्या फोल्डरपासूनच द्या. 'सी ड्राइव्ह'पासून दिलेला पत्ता दुसऱ्याच्या मशीनवर सापडत नाही, मग जो तो आपली प्रत जोडतो.

एक चूक मात्र कागदावरही सापडत नाही. 'पीएन२२२२ए' आणि 'पी२एन२२२२ए' हे दोन्ही ट्रान्झिस्टर टीओ-९२ या तीन पायांच्या पॅकेजमध्येच येतात. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून पहिल्याचे पाय एमिटर-बेस-कलेक्टर, दुसऱ्याचे कलेक्टर-बेस-एमिटर. ट्रान्झिस्टरला सर्वसाधारण सिंबॉल (स्कीमॅटिकमधले चिन्ह) वापरू नका. पूर्ण पार्ट नंबरचा वेगळा सिंबॉल करा आणि फूटप्रिंट त्यालाच बांधा.