ज्युनिअरच्या हाताला दोष देण्याआधी मायकोप्लाझ्मा तपासा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदाच तुमच्या हाताखाली विद्यार्थिनी दिली आहे, तिचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) रडतखडत वाढतंय, दर खेपेला आकडे वेगळे आणि ती म्हणते, "माझाच हात बसत नाही." तुम्ही लिहिलेलं हे वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवलं नाही. हूडमधली, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटात काम करण्याची, शिस्त तुम्ही शिकवली असेलच.

मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, नितळ दिसतंय यावर विसंबू नका. मायकोप्लाझ्मा हा कल्चरमध्ये शिरणारा अतिसूक्ष्म जीवाणू, त्याने ते गढूळ होत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन लागू पडत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. पेशींच्या वाट्याचं खातो, त्यामुळे वाढ मंदावते आणि आकडे हलतात.

जुन्या सीनियरचं अक्षर ओळखून गोठवलेल्या पेशींची कुपी (वायल) न तपासता ज्युनिअरच्या हाती देणं, ही माझी सर्वांत महागडी चूक. तपासणीच्या विभागाने "गढूळ नाही ना, मग कशाला?" म्हणत नमुनाच घेतला नाही. काही महिन्यांचं काम गेलं. त्याहून वाईट म्हणजे तोवर बोल त्या मुलालाच लागत राहिला.

तपासणी तिच्याच हातून करून घ्या. फ्लास्कचा तळ पेशींनी जवळजवळ भरू द्या, दोन-तीन दिवस मीडियम बदलू नका. मग एक मिली मीडियम घ्या, ९५ अंशांवर दहा मिनिटं तापवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रवातले दोन मायक्रोलिटर पीसीआरला (मायकोप्लाझ्माचा डीएनए असेल तर त्याच्या असंख्य प्रती करून दाखवणारी चाचणी) लावा. एका जास्तीच्या ट्यूबमध्ये तोच नमुना आणि थोडा पॉझिटिव्ह डीएनए, म्हणजे मायकोप्लाझ्माचाच डीएनए, एकत्र घाला. तिथेही बँड (डीएनए सापडल्याची रेघ) आला नाही, तर मीडियममधलं काहीतरी पीसीआर अडवतंय. अशा वेळी "निगेटिव्ह" खरं धरू नका, नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावा.

पॉझिटिव्ह आलं तर माझं मत स्पष्ट आहे: औषधं घालून वाचवत बसू नका, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत मारून) टाका. रुग्णाकडून मिळालेल्या, पुन्हा न मिळणाऱ्या पेशींची गोष्ट निराळी, तिथे गाइडना विचारूनच ठरवा. त्याच इनक्युबेटरमधले बाकीचे फ्लास्कही तपासा, पाण्याचा ट्रे धुवा. एकच मीडियमची बाटली दोघींनी वापरली असेल तर ती फेका. नवी वायल निगेटिव्ह येईपर्यंत वेगळी ठेवा आणि दिवसातलं शेवटचं काम म्हणून हाताळा.

जाता जाता: वहीत वायल काढल्याची तारीख आणि पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) तिने रोज लिहावा. आणि निकाल हातात येण्याआधीच तिला एवढं सांगा, की दोष कल्चरमध्येही असू शकतो.