आदल्या रात्रीचा गुंता

त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा हातात एक जाड वही होती. बसल्या बसल्या त्यांनी ती माझ्यासमोर उघडून ठेवली. दर वर्षाच्या मोठ्या सणासाठी एक पान. सकाळी सहाला उठायचं. उशीखाली आईने लिहिलेली चिठ्ठी, ती वाचून घरभर लपवलेली भेट शोधायची. दोघांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे. दाराच्या चौकटीपाशी, दर वर्षी त्याच जागी, फोटो काढायचा. संध्याकाळी वर्षभरातल्या चांगल्या गोष्टी एकमेकांना मोठ्याने सांगायच्या. सहा पानं भरलेली होती, सातवं कोरं.

"यंदा काय लिहू?" त्यांनी विचारलं, आणि डोळे भरून आले.

मुलगा पंधरा वर्षांचा. आई-वडील वेगळे झाले तेव्हा नऊचा होता. तेव्हापासून घरात दोघंच. गेल्या वर्षी सणाच्या सकाळी तो फोटोला उभा राहिला नाही. आईने आग्रह केला, तसा म्हणाला, "हे सगळं तुझ्यासाठी असतं, माझ्यासाठी नाही." आणि खोलीत निघून गेला. अकरा महिने ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी स्वतःपुरता निकालही लावला होता: एक तर मुलगा आपल्यापासून तुटतोय, नाहीतर सहा वर्षं आपण त्याच्यावर काहीतरी लादलं. दोन्हीकडून दोष त्यांचाच.

(या दोघांची ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत, आणि लिहिलेलं आधी दोघांनाही वाचून दाखवलं आहे.)

वाढत्या वयाचा मुलगा सणाला खोलीचं दार लावून बसतो, ही तक्रार घेऊन येणारे आई-वडील मला दर वर्षी भेटतात. अशा वेळी मी आधी एक गोष्ट नीट पाहून घेते. मुलगा फक्त घरच्या कार्यक्रमांतून अंग काढून घेतोय, की सगळ्यांतूनच? मित्र, खेळ, आवडते विषय, सगळंच नकोसं झालं असेल, झोप आणि भूक बदलली असेल, सतत उदास किंवा चिडलेला असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर प्रश्न सणाचा नसतो. तेव्हा वेळ न घालवता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला हवी. इथे तसं काही नव्हतं. मुलगा मित्रांत रमत होता, अभ्यास बरा चालला होता, संध्याकाळी मैदानावर जात होता.

मग मी त्यांना रोजच्या दिवसाबद्दल विचारलं. सण सोडा, साधा मंगळवार कसा जातो?

"त्यात काय सांगण्यासारखं? सकाळी घाई, संध्याकाळी तो बाहेर, मग अभ्यास, मोबाईल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "रात्री साडेदहाला मात्र येतो स्वयंपाकघरात. मी आवरत असते. ओट्याला टेकून उभा राहतो आणि कुठलं कुठलं बोलत बसतो. मित्राचं भांडण, कुठलासा व्हिडिओ. माझं लक्ष अर्धंच असतं हो, मी दमलेली असते."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी मात्र ते माझ्या कागदावर अधोरेखित करून ठेवलं.

रीड लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अमेरिकी अभ्यास मी अशा वेळी पालकांना सांगते. पाचवी ते बारावीतल्या 220 मुलामुलींकडून त्यांनी दिवसातल्या अवचित क्षणांच्या नोंदी घेतल्या: आत्ता कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, कसं वाटतंय. जागेपणीच्या वेळातला कुटुंबाबरोबरचा वाटा या वयात 35 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आलेला दिसला. आकडा ऐकून आयांचा चेहरा उतरतो. पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत. आई किंवा वडिलांबरोबर एकट्याने घालवलेला वेळ आणि त्यांच्याशी बोलण्याचा वेळ वयाबरोबर फारसा घटला नाही. आणि एकूण वेळ कमी होण्याचं कारण घरातली भांडणं नव्हती, बाहेरच्या जगाची ओढ होती. म्हणजे मूल गर्दीच्या कार्यक्रमांतून बाहेर पडतं, पण ओट्यापाशी येतच राहतं. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या.

पुढच्या आठवड्यात मुलगा एकटा आला. उंच, खांदे पाडून बसणारा. सुरुवातीची वीस मिनिटं "माहीत नाही" आणि "ठीक आहे" यावरच गेली. मीही घाई केली नाही. मग मी विचारलं, सणाच्या दिवशी नेमका कुठला क्षण नको वाटतो?

"चिठ्ठी उघडतो तेव्हा," तो पटकन म्हणाला. "आई दारात उभी असते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत असते. मला खूश दिसायचं असतं. जरा कमी दिसलो की तिचा चेहरा पडतो. मग दिवसभर माझं तेच चालतं, ती ठीक आहे ना ते बघत राहायचं."

"हे कधीपासून?"

बाबा वेगळे झाले त्या पहिल्या वर्षापासून. त्या सकाळी भेट सापडल्यावर तो आईला दाखवायला धावला, तर ती न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. नऊ वर्षांच्या त्या पोराने दाराबाहेर उभं राहून ते ऐकलं, आणि मनाशी ठरवलं की आपण आनंदात दिसलो की आई रडणार नाही. त्याने ते काम पाच वर्षं केलं. सहाव्या वर्षी दमला आणि फोटोला नाही म्हणाला.

कंटाळलेला, मोबाईलवेडा, बेफिकीर म्हणून जी मुलं माझ्याकडे आणली जातात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या पाठीवर असं ओझं असतं. घरात त्याचा कुणाला पत्ताही नसतो.

निघण्याआधी मी त्याला आणखी एक प्रश्न विचारला. समजा यंदापासून सगळं बंद झालं, वहीतलं काहीच होणार नाही. कशाची आठवण येईल?

तो बराच वेळ विचार करत राहिला. "आदल्या रात्री आम्ही माळांच्या वायरींचा गुंता सोडवतो ना," तो म्हणाला. "ते."

वहीच्या एकाही पानावर ते नव्हतं.

आईला काय सांगायचं आणि काय नाही, ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. गुंत्याचं मी सांगावं. न्हाणीघराचं तो स्वतः सांगणार. ते सांगायला त्याला पुढे खूप दिवस लागले. मीही त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही.

"ते?" आई चकित झाल्या. "अहो, ती तर हमाली! दर वर्षी खोक्यातून त्या माळा काढायच्या आणि जमिनीवर बसून तासभर गाठी सोडवायच्या. मी वैतागलेली असते. त्याच्याशी धड बोलतही नसते."

नेमकं त्यामुळेच त्याला ते आवडत असणार. बार्बरा फीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या नित्यक्रमांवर आणि रीतींवर 50 वर्षांत झालेल्या संशोधनाचा आढावा 2002 मध्ये घेतला. नित्यक्रम आणि रीत यांत त्यांनी केलेला भेद मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. नित्यक्रम म्हणजे करायला हवं ते काम. झालं की संपलं, नंतर कुणी त्याचा विचार करत नाही. रीत मात्र झाल्यावरही मनात राहते, कारण आपण कोण आहोत ते तिच्यातून समजतं. आता गंमत अशी की एकच गोष्ट घरातल्या एकासाठी काम असते आणि दुसऱ्यासाठी रीत. आईसाठी माळा सोडवणं हे काम होतं आणि चिठ्ठी ही रीत. मुलासाठी नेमकं उलटं झालं होतं. चिठ्ठी हे त्याचं काम झालं होतं.

त्या तासात असं काय होतं? दोघांचे हात गुंतलेले. नजर वायरीवर, एकमेकांच्या चेहऱ्यावर नाही. कॅमेरा नाही. आनंदी दिसायची गरज नाही, उलट वैतागायची पूर्ण मोकळीक. कुणी काही बोललं तर बोललं, नाहीतर शांतता. वाढत्या वयाच्या मुलांना समोर बसवून "बोल, काय चाललंय तुझं?" असं विचारलं की त्यांची वाचा बसते. शेजारी बसून काहीतरी करताना, वाटेने चालताना, गाडीत पुढे बघत असताना तीच मुलं बोलायला लागतात. साडेदहाचा ओटा आणि आदल्या रात्रीच्या माळा, दोन्ही ठिकाणी हेच घडत होतं. आई त्याला वर्षातल्या एका दिवसात शोधत होत्या आणि तो रोज रात्री ओट्याला टेकून उभा होता.

त्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मी विसरलेले नाही. "मग माझी सहा वर्षं वाया गेली का?"

नाही. हे मी अगदी ठामपणे सांगितलं. संकटात घराच्या रीती टिकवून धरणं याला मोठं मोल आहे. स्टीव्हन वोलिन, लिंडा बेनेट आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास दारूचं व्यसन असलेल्या घरांचा अभ्यास केला. ज्या घरांनी आपले सण आणि ठरलेल्या वेळा व्यसनापासून जपल्या, तिथे ते व्यसन पुढच्या पिढीत उतरण्याचं प्रमाण कमी दिसलं. या बाईंनी तेच केलं होतं. घर मोडलं त्या वर्षी त्यांनी वही उघडली आणि एका लहान मुलाला सांगितलं की आपल्याकडे सण होणार. नऊ वर्षांच्या मुलाला त्याची गरज होती. त्यांना स्वतःलाही होती. फक्त तो पंधराचा झाला तरी वही नऊवरच थांबली होती. आणि त्या दिवसाचं दुःख त्या एकट्याच गिळत होत्या, त्यामुळे ते आडवाटेने मुलापर्यंत झिरपत होतं. त्यांच्यासाठी आम्ही तीन स्वतंत्र बैठका घेतल्या. त्यात मुलाचा विषय जवळजवळ निघालाच नाही.

मधे माझंही एक चुकलं. दोघांनी मिळून यंदाची नवी यादी करावी, असं मी सुचवलं. त्यांनी केली. यादी छान झाली आणि आठवडाभरात वहीचं सातवं पान होऊन बसली. कोण काय पाळत नाही यावरून वाद सुरू झाले. आम्ही ती सोडून दिली. त्याऐवजी मुलाला एवढंच विचारलं की कुठली एक गोष्ट नको. तो म्हणाला, फोटो. आईंनी फोटो सोडला. ते त्यांना जड गेलं, त्या माझ्यासमोर रडल्या. पण मुलासमोर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

सहाला उठणंही गेलं. त्याबद्दल त्यांच्या मनात किंतु होता, आळसाला खतपाणी घालतोय की काय. पण किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप रात्री उशिरा येते. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते आणि शाळेच्या दिवसांत ती क्वचितच पुरी होते. सुट्टीच्या सकाळी त्याला झोपू देणं हेही प्रेमच, असं मी म्हणाले.

चिठ्ठीवर आम्ही सगळ्यात जास्त बोललो. ती बंद करायची नव्हती, त्यालाही नको होतं. बदल एवढाच की आईने ती उशीपाशी ठेवावी आणि निघून जावं. दारात थांबायचं नाही. त्याने केव्हाही वाचावी. आणि नंतर "आवडली का?" असं विचारायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण. आपण ज्याच्यासाठी जीव ओततो, त्याच्याकडून पोचपावती मिळावी असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण पोचपावती मागितली की मुलाला पुन्हा कामावर हजर व्हावं लागतं. तुमच्या घरी असं काही चालू असेल, तर एवढं एक करून बघा. सणाच्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावरची नजर काढून घ्या. बाकीचं सगळं आहे तसं चालू द्या. आणि सण होऊन आठ-दहा दिवस गेले की केव्हातरी सहज विचारा, पुढच्या वर्षी हे नसतं तर कशाची आठवण आली असती? उत्तरात कदाचित तुमचं सगळ्यात मेहनतीचं काम नसेल. तयारी ठेवा.

संध्याकाळी मित्रांकडे जायचं हे त्याने आधीच सांगितलं, नऊला परत यायचं ठरलं. पाहुणे "मुलगा कुठेय?" विचारणार, याची आईंना धास्ती होती. त्यांनी उत्तर पाठ करून ठेवलं: मित्रांकडे गेलाय, नऊला येईल. पुढे एक शब्द नाही, स्पष्टीकरण नाही.

सणाच्या तीन दिवसांनी त्या भेटायला आल्या. आदल्या रात्री अकराला दोघं जमिनीवर बसले होते, मधे माळांचा ढीग. वायरीवरची नजर न काढता तो म्हणाला, "आई, त्या पहिल्या वर्षी तू नळ सोडून रडत होतीस ना, मी बाहेर होतो." त्यांच्या छातीत धस्स झालं. उठून त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्या उठल्या नाहीत. "हो, रडत होते," त्या म्हणाल्या. "तुला ऐकू जात होतं, हे मला माहीत नव्हतं." मग तो म्हणाला, "हे टोक धर." त्यांनी धरलं. दीड वाजेपर्यंत ते बसून होते. त्यातलं बरंचसं त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सकाळी तो साडेनऊला उठला. चिठ्ठी उघडलेली, टेबलावर पडली होती. त्याला ती कशी वाटली, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.